नकाशातला धाराशिव आणि घाटावरचा धाराशिव

महाविद्यालयात भूगोल शिकवत असताना पहिल्या तासाला मी दरवर्षी एकच काम सांगत असे. पुस्तक मिटा आणि आठवेल तसा आपल्या जिल्ह्याचा नकाशा वहीत काढा. बहुतेक मुले आठही तालुके जागच्या जागी बसवत. शाळेत ते घोकून घेतलेले असतात. मग मी विचारायचो, "धाराशिवहून परंड्याला कसे जाल?" सगळा वर्ग म्हणायचा, "सर, बार्शीहून." पुढचा प्रश्न असा, "मग तुमच्या नकाशात बार्शी कुठे आहे?" यावर वर्ग गप्प. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून ती कागदाबाहेर. आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी जायला ज्या गावातून जावे लागते, तेच गाव आपल्या नकाशात नाही.

ही गंमत म्हणून मी बरीच वर्षे सांगितली. निवृत्तीनंतर जिल्ह्याचे मिळतील तेवढे नकाशे गोळा केले, तेव्हा यात गंमत थोडी आणि अडचण फार आहे हे ध्यानात आले. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. नकाशा मात्र आपण निमूटपणे भिंतीवर टांगतो. नकाशाही कोणीतरी, कशासाठी तरी, काही वगळून लिहिलेला मजकूरच असतो. प्रस्तुत लेखात धाराशिवच्या नकाशांची तशी चिकित्सा करायची आहे.

कागदाचा काठ

सुरुवात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांपासून करू. या मालिकेत देश चार अंश बाय चार अंशांच्या चौकटींत विभागलेला आहे. ७६ पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४७ क्रमांकाची चौकट, पूर्वेला ५६ क्रमांकाची. हे रेखावृत्त धाराशिव शहराच्या पश्चिमेला चारेक किलोमीटरवरून जाते. त्यामुळे परंडा, भूम आणि वाशी ही गावे ४७ एन या पत्रकात, धाराशिव आणि कळंब ५६ बी मध्ये, तर नळदुर्ग आणि उमरगा ५६ सी मध्ये. १८ उत्तर अक्षांश तुळजापूरला जवळजवळ चिकटून जातो. म्हणजे आई भवानीचे गाव पत्रकाच्या अगदी काठावर. चार पत्रकांचे कोपरे जिथे मिळतात ती जागा तुळजापूरच्या पश्चिमेला आठेक किलोमीटरवर येते.

यात कोणाचा दोष नाही. चौकट देशासाठी आखलेली; ती आमच्यासाठी कशी सरकणार? पण परिणाम पाहा. बालाघाटाचा कडा वायव्येकडून आग्नेयेकडे याच कोपऱ्याच्या आसपास तिरका उतरतो. ज्याला तो सलग पाहायचा आहे त्याने पत्रके शेजारी शेजारी ठेवून कडा जुळवावेत. एका कागदावर बालाघाट पाहिलेला विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या नव्या मालिकेत मोठी चौकट सहा अंश रुंद झाली. ७२ ते ७८ रेखांशांमधला आमचा सगळा जिल्हा आता ई ४३ या एकाच मोठ्या चौकटीत बसतो. अभ्यासकांना हे सोयीचे झाले. शाळेच्या भिंतीपर्यंत ही सोय अजून पोचायची आहे.

पर्वत कुठे गेला?

शाळेच्या भिंतीवरचा नकाशा म्हणजे आठ रंगांचे आठ तुकडे. धाराशिव गुलाबी, तुळजापूर पिवळा, असे काहीतरी. नद्या निळ्या रेघांनी, रस्ते लाल रेघांनी. उंचसखलपणा दाखवणारी एकही खूण नाही. फार तर 'बालाघाट डोंगररांगा' ही अक्षरे तिरकी छापलेली असतात. ती रांग कुठे सुरू होते, कुठे मोडते, याचा पत्ता नाही.

बालाघाट म्हणजे सह्याद्री नव्हे. इथे सुळके नाहीत. सोलापूरहून एसटीने तुळजापूरला येणाऱ्या माणसाला मात्र तो कळतो. तामलवाडी मागे पडते, गाडी घाटाला लागते, दीडदोनशे मीटर चढून वर येते आणि सपाटी सुरू होते. बार्शीहून येडशीला चढतानाही तेच. हा चढ जिल्ह्याचे पाणी वाटतो. मांजरा आणि तेरणा गोदावरीच्या खोऱ्यातल्या. सीना आणि नळदुर्गची बोरी भीमेला, म्हणजे पर्यायाने कृष्णेला मिळणाऱ्या. कळंबच्या शिवारात पडलेला पाऊस आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे निघतो आणि परंड्यात पडलेला कृष्णेच्या मुखाकडे.

ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती नाही. पाण्याचे लवाद खोऱ्यावर बसतात, जिल्ह्यावर बसत नाहीत. कृष्णेचा हिशेब वेगळा, गोदावरीचा वेगळा. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पावर इतकी वर्षे बोलले गेले. त्यातले पाणी कोणत्या तालुक्याला 'खोऱ्यातले' म्हणून मिळायचे आणि कोणत्या तालुक्यासाठी ते 'खोऱ्याबाहेर' ठरते, हे समजायला पाणलोटाची रेघ लागते. आमच्या भिंतीवरच्या नकाशात तीच रेघ नाही. मग गावच्या चावडीवर चर्चा होते ती "त्यांना दिलं, आम्हाला दिलं नाही" एवढ्याच शब्दांत. ज्याच्या हातात खोऱ्याचा नकाशा नाही त्याला अन्याय झाला की नाही हेही नीट सांगता येत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करायला हवी. सोलापूर आणि धाराशिव यांची हद्द बालाघाटाच्या कड्यावरून जाते, असे मी अनेक वर्षे शिकवले. डोंगराने हद्द पाडली, हे ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते. पत्रके जुळवून पाहिली तेव्हा ते अर्धेच खरे निघाले. काही भागात हद्द कड्याच्या जवळून जाते खरी. पण तुळजापूर तालुका घाटाच्या वरही आहे आणि खालीही. परंडा तर संपूर्ण सीनेच्या सखल पट्ट्यातला, आणि तरी जिल्हा आमचाच. मध्ये बार्शी तालुका पाचरीसारखा घुसलेला. डोंगर जिथे नाही तिथेही हद्द आहे, याचा अर्थ ती दुसऱ्याच कोणीतरी पाडली आहे.

पाचर आणि बेटे

ती पाडली दोन सत्तांनी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर सोलापूर-बार्शीचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि परंडा, तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडे राहिले. १८२२ च्या तहाने काही मुलखाची अदलाबदल झाली, तरी हद्द सलग झाली नाही. इंग्रजी मुलखात निजामाची गावे आणि निजामाच्या मुलखात इंग्रजांची गावे, अशी बेटे दोन्हीकडे राहिली. त्या काळच्या छोट्या प्रमाणावरच्या नकाशांत ही बेटे दिसत नाहीत. आखणाऱ्याने एक गुळगुळीत रेघ ओढून सगळे सारखे केलेले असते. महसूल वसूल करणाऱ्याला मात्र प्रत्येक बेट माहीत होते, आणि हद्दीवरून जकात चुकवून माल नेणाऱ्यालाही.

निजामाच्या आतल्या बाजूलाही एकच रंग नव्हता. खालसा, जहागीर, पायगा, सर्फेखास असे निरनिराळे इलाखे एकाच जिल्ह्यात गुंतलेले होते. जिल्हा म्हणावा तर त्याचा कारभार एका हाती नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर नळदुर्ग जिल्हाही इंग्रजांच्या ताब्यात दिला. तेव्हा इथे कारभारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला. तुळजापूरच्या परिसरावर त्याने पुढे 'तारा' ही कादंबरी लिहिली. ती १८६३ मध्ये निघाली. १८६० मध्ये नळदुर्ग निजामाला परत मिळाला. सात वर्षांत जिल्हा एका रंगातून दुसऱ्या रंगात आणि पुन्हा पहिल्या रंगात गेला. वर्ष न छापलेला नकाशा अशा वेळी काय सांगणार?

पुढची मोडतोड विसाव्या शतकातली. जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले. निजामी राज्यात उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा विभागात होता. औरंगाबाद, बीड, परभणी आणि नांदेड हे औरंगाबाद विभागात. आज आपण 'मराठवाडा' असे एका दमात म्हणतो. पण निजामाच्या दप्तरात आम्ही रायचूर आणि बिदरच्या पंगतीत बसलेलो होतो. उमरग्याच्या बाजाराची कानडी मुलखाशी जी ये-जा आहे, तिचे मूळ भाषेइतकेच या जुन्या वाटणीतही शोधायला हवे.

१९४७-४८ मध्ये ती गुळगुळीत रेघ जिवावर उठली. निजामाच्या मुलखातून रझाकारांच्या भीतीने निघालेली कुटुंबे बार्शी तालुक्यात आश्रयाला गेली आणि सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. हद्द ओलांडली की जीव वाचतो, हे तेव्हा लहान मुलांनाही ठाऊक होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. हैदराबादचा रस्ता तिथे बोरी नदी ओलांडतो म्हणून. त्यानंतर जानेवारी १९५० मध्ये बेटे विलीन करण्याचा आदेश निघाला आणि मुंबई व हैदराबाद राज्यांनी एकमेकांच्या पोटातली गावे एकमेकांना दिली. आजची सलग दिसणारी हद्द एवढीच जुनी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा बिदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके आमच्या जिल्ह्यात आले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि ते तिन्ही तालुके, शिवाय लातूर आणि औसा, तिकडे गेले. उरले सहा. पुढे २००१ च्या जनगणनेच्या थोडे आधी लोहारा आणि वाशी हे नवे तालुके झाले, तेव्हा आठ. राज्य गॅझेटियरचा उस्मानाबाद खंड १९७२ मध्ये निघाला. मेहनतीने केलेला तो ग्रंथ आजही माझ्या मेजावर असतो. पण प्रसिद्धीनंतर दहाच वर्षांत त्यातला जिल्हा राहिला नाही. आजचा विद्यार्थी त्यातले लोकसंख्येचे वा पेरणीचे आकडे उचलून आजच्या आकड्यांशेजारी ठेवतो, तेव्हा तो दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांची तुलना करत असतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

गाव म्हणजे केवढा ठिपका?

आता गावांकडे येऊ. नकाशात मोठा ठिपका जिल्ह्याच्या ठाण्याला, मधला तालुक्याला, बारीक बाकीच्यांना. हा कारभाराचा दर्जा झाला, गावाचा नव्हे. नळदुर्ग एके काळी जिल्ह्याचे ठाणे होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ मध्ये बोरीच्या पात्रात बांधलेला पाणीमहाल तिथे आहे, नगरपालिका आहे, पुणे-हैदराबाद महामार्ग तिथून जातो; तरी ते तालुक्याचे ठाणे नाही, म्हणून ठिपका बारीक. मुरूमलाही नगरपालिका आहे. ठिपका तसाच बारीक.

सगळ्यात मोठा अन्याय तेरवर आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याची नोंद आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोचला जात असे. हे तगर कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी देवगिरी, जुन्नर, धारूर, कोल्हापूर अशी अनेक ठिकाणे सुचवली. शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवत असत, त्यावरूनही तर्क झाले. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाने तेरणाकाठचे तेर म्हणजेच तगर हे मांडले. विशेष म्हणजे आधी कोल्हापूर सुचवणाऱ्यांत तो स्वतःही होता. पुढे उत्खननांनी तेरची प्राचीनता उजेडात आणली. जे शहर रोमच्या व्यापाऱ्याला ठाऊक होते आणि टॉलेमीच्या यादीत आहे, ते आमच्या भिंतीवरच्या नकाशात असले तर टाचणीच्या टोकाएवढे. संत गोरोबा काकांमुळे वारकऱ्याला तेर माहीत आहे, नकाशावाल्याला नाही.

रेल्वेनेही असाच धडा दिला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. वाटेत येडशी होती, ढोकी होती. जिल्ह्याचे ठाणे नव्हते. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला तेव्हा या शतकात कुठे धाराशिवला स्थानक मिळाले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे आगगाडीच्या नकाशात येडशी मोठी होती आणि महसुली नकाशात धाराशिव मोठे. दोन्ही नकाशे आपापल्या परीने खरे.

नावाची तारीख

नावाचा प्रश्न टाळता येणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीने शहराचे नाव धाराशिव झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा व तालुक्याचे. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर कायम केले. तो निर्णय झाला. त्याची उजळणी इथे करायची नाही. मला रस आहे तो नकाशातल्या नोंदीत. शेवटच्या निजामाने, म्हणजे १९११ ते १९४८ या काळात राज्य करणाऱ्या मीर उस्मान अली खानाने, गादीवर बसल्यावर स्वतःचे नाव गावाला दिले, असे सर्रास लिहिले जाते. पण १९०८ मध्ये छापलेल्या इंपीरियल गॅझेटियरच्या खंडात 'उस्मानाबाद जिल्हा, पूर्वीचा नळदुर्ग' अशी नोंद आहे. तेव्हा उस्मान अली राजपुत्र होते आणि गादीवर त्यांचे वडील होते. म्हणजे नाव त्यांच्या राज्यारोहणाआधीच दिलेले. इंग्रजी नकाशांत याच गावाचे 'धारासेव' होते आणि नळदुर्गचे 'नळद्रुग'. एकच गाव शोधायला तीन-चार नावे ठाऊक असावी लागतात.

याची किंमत साधी माणसे मोजतात. सास्तूर परिसरातल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे तीन कागद आहेत. जन्माच्या दाखल्यावर तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद. शेताच्या उताऱ्यावर तालुका लोहारा, जिल्हा उस्मानाबाद. नव्या कागदावर तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. माणूस एका घरात जन्मला आणि त्याच शिवारात राबतो. एका कार्यालयात "पत्ते जुळत नाहीत" म्हणून त्याचा अर्ज परत आला. कोणत्या तारखेला कोणते गाव कोणत्या तालुक्यात होते हे सांगणारा एक पानाचा तक्ता त्या मेजावर असता, तर दोन हेलपाटे वाचले असते.

सास्तूरचे नाव निघाले म्हणून आणखी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मदतीला निघालेल्या आमच्या गटाकडे जिल्ह्याचे दोन नकाशे होते. एक नवा, लातूर वगळून छापलेला. दुसरा जुना, १९८२ च्या आधीचा. नव्या नकाशात सास्तूर होते, पण त्याच्या पलीकडे कागद कोरा. किल्लारी लातूर जिल्ह्यात गेलेली. जुन्या, रद्द झालेल्या नकाशात दोन्ही गावे आणि मधली तेरणा एकाच पानावर. आम्ही जुना नकाशा हातात धरून फिरलो. जमीन हादरली ती जिल्ह्याची हद्द पाहून हादरली नव्हती. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आजही काही नकाशांत अशा गावाचा ठिपका जुन्या गावठाणावर असतो, काहींत नव्या. जुन्या जागी काय झाले हे माहीत नसलेल्याला तो ठिपका काहीच सांगत नाही.

काय हवे?

नकाशा सोपा असावा लागतो, सगळे भरले तर मुलाला काहीच दिसणार नाही, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. आठ रंगांच्या नकाशाचेही काम आहे. तहसील कुठे आहे ते त्यानेच कळते. माझे म्हणणे एवढेच, की तो एकमेव नकाशा नसावा. त्याच्या शेजारी दुसरा एक असावा. त्यात कडा आणि पाणलोटाची रेघ ठळक असावी. जिल्ह्याबाहेरचा वीस-पंचवीस किलोमीटरचा पट्टा कोरा न ठेवता फिक्या रंगात दाखवावा, म्हणजे बार्शी, सोलापूर, लातूर, किल्लारी ही गावे दिसतील. खाली १९४८, १९५०, १९५६, १९८२ आणि त्यानंतरच्या हद्दींचा छोटा तक्ता असावा, नव्या नावाशेजारी जुने नाव असावे, आणि कोपऱ्यात वर्ष छापलेले असावे. हे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला एका वर्षात करता येईल. सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत.

शेवटी त्या पहिल्या तासाकडे. एका वर्षी परंडा तालुक्यातल्या एका मुलीने नकाशात बार्शी काढली होती. हद्दीच्या बाहेर तुटक रेघेने छोटे वर्तुळ, त्यातून जाणारी एसटीची वाट, आणि वाटेवर लिहिले होते, 'घरी'. जिल्ह्याबाहेरचे गाव काढले म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला. मी जमवलेल्या इतक्या नकाशांत तिच्याएवढा बरोबर एकही निघाला नाही.